म्हातारी गेली

१

"म्हातारी गेली! आमची म्हातारी गेली हो!"

कुंभारीण अक्काची हाक अशी आली की अंगणातल्या झाडावरची सगळी पाखरं एकदम उडाली. त्यातली काही अजून परतलेली नाहीत, असं गावात सांगतात. तिच्या अंगणात बाकांवर बसून चहा पिणारी सहलीची मंडळी जागच्या जागी थिजली.

पहिल्या सावरल्या त्या वन्सं. परक्या घरातलं दुःखही त्या आपल्याच घरातल्यासारखं हक्काने करतात. "अगं बाई! कशानं गं? आजारी होती का?"

दातांच्या डॉक्टरांनी बिस्कीट तोंडात तसंच ठेवून उडी मारली. "मी दातांचा असलो तरी नाडी बघता येते मला! कुठे आहेत आजी? सरका, सरका!"

चित्रकार बाईंनी छातीवर हात ठेवला. "अरेरे! कुणी नेली हो?"

"देवानं! दुसरं कोण नेणार?" वन्सं रुमालाने डोळे टिपत म्हणाल्या. "त्याला काय, घाईच असते मेल्याला."

सहलीचा गाइड "मेलो!" एवढंच म्हणाला आणि मट्‌कन जमिनीवर बसला. कप हातातून सोडून ड्रायव्हरमामा अंगणापलीकडच्या एका खोलीच्या कौलारू ओसरीकडे धावत सुटले.

सापडेबाई त्यांच्यामागोमाग निघाल्या. वन्सं या त्यांच्या थोरल्या नणंदबाई, आणि दोघींना मिळून ही सहल कुणीतरी भेट दिलेली. सापडेबाईंचं खरं नाव आता त्यांनाही क्वचितच आठवतं. उभी हयात स्टेशनातल्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर गेली, तिथे लोकांनी हे नाव चिकटवलं ते चिकटलंच. पेट्या, छत्र्या, कवळ्या, एकदा तर एक नवरा, काय काय त्यांनी परत मिळवून दिलं होतं. नवऱ्याची पोच द्यायला बायको आलीच नाही, ती गोष्ट वेगळी.

खोलीच्या दारात त्या पोचल्या तेव्हा डॉक्टर आत उभे होते, नाडी शोधत. "अहो, पेशंट कुठे आहे?"

अक्काने बोटाने भिंतीतला कोनाडा दाखवला. कोनाडा रिकामा होता. त्याच्या खाली एक पुठ्ठा टांगलेला होता आणि त्यावर शाळकरी मुलांनी रंगीत खडूंनी लिहिलं होतं : 'आमची म्हातारी. हात लावू नये.'

२

म्हातारी दगडाची होती. विहीर खणताना सापडलेली, बसलेली, गुडघ्यांवर हात ठेवलेली एक छोटीशी बाई. उंची तांब्याएवढी, नाक फुटकं, आणि चेहऱ्यावर अशी नजर की खोटं बोलणाऱ्याने दुसरीकडे बघावं. ती किती शतकं जुनी यावर विद्वानांत भांडणं होती. गावाला भांडायचं कारण नव्हतं. गावाची ती म्हातारी होती, बस्स. जुन्या धान्याच्या कोठारात गावाने तिच्यासाठी खोली केली, किल्ली अक्काच्या कमरेला आली, आणि तिला बघायला म्हणून सहलीची गाडी गावात थांबू लागली. शहरातल्या मोठ्या संग्रहालयाने ती मागून पाहिली होती. गाव म्हणालं, आमची आम्ही सांभाळतो. संग्रहालयाचे साहेब म्हणाले होते, बघू किती दिवस सांभाळता.

तेवढंच पुरे होतं. आज म्हातारी सापडली नाही, तर ते साहेब खरे ठरणार होते आणि अक्काच्या कमरेची किल्ली उतरणार होती.

सापडेबाईंनी सगळी सकाळ मनात मागे फिरवली. सकाळी गाडीने पडक्या दगडी नाट्यगृहाच्या पायऱ्या दाखवल्या. तिथे गाइडने प्रत्येक दगडाला एकेक सन चिकटवला, म्हणून वन्संनी त्याचं नाव सनावळी ठेवलं. मग हे गाव. आल्याआल्या अक्काने सगळ्यांना चाकावर आणि हाताने मातीकाम करायला बसवलं. वन्संचा पेला असा कलला की त्याला कुणी धरून घरी पोचवायला हवं होतं. डॉक्टरांनी दाढ केली, मुळांसकट, अगदी हुबेहूब. सापडेबाईंनी बशी म्हणून सुरू केलं आणि बशी म्हणूनच संपवलं, यात त्यांनी समाधान मानलं. चित्रकार बाईंनी मात्र पंख उघडलेली चिमणी केली. इतकी नाजूक की अक्का म्हणाली, "बाई, फुंकर मारू नका, उडेल." सगळी कामं ओसरीवरच्या फळीवर ठेवली. अक्का ती भट्टीत भाजून पुढच्या गाडीने शहरात पाठवणार होती, तशीच पद्धत होती.

मग मंडळी पांगली. अक्का चहाच्या मागे लागली. म्हातारीच्या खोलीला नुसती कडी होती, कारण ती सकाळी झाडून घेतली होती आणि चहा झाला की सगळ्यांना एकदम दाखवायची होती. म्हातारी सनावळीचा हुकमाचा पत्ता. तिच्याबद्दल तो आधी चकार शब्द काढत नसे.

"आणि त्या मधल्या वेळात," डॉक्टर आता अंगणाच्या मधोमध उभे राहून बोलत होते, "या खोलीकडे कोण गेलं होतं? मी सांगतो. ड्रायव्हर! मी स्वतः पाहिलं."

"ओसरीवर पाण्याचा माठ आहे डॉक्टर," ड्रायव्हरमामा म्हणाले. "पाणी प्यायला गेलो होतो."

"तुझीच बहीण किल्ली सांभाळते, नाही का?"

"हो. थोरली."

"झालं तर!" डॉक्टरांनी हात झटकले. जणू दाढ निघाली. "बहिणीकडे किल्ली, भावाकडे गाडी. अशा लोकांच्या हातात ठेवायची का असली वस्तू?"

'अशा लोकांच्या'. सापडेबाईंच्या कानशिलाची शीर तटतटली. खिडकीवर त्यांनी हे आयुष्यभर ऐकलं होतं. साहेबांची बॅग हरवली की संशय आधी हमालावर, मग झाडूवालीवर. शेवटी बॅग साहेबांच्याच मेव्हण्याकडे निघायची, आणि हमालाकडे ढुंकूनही न बघता साहेब निघून जायचे.

सनावळीने सहल कंपनीच्या ऑफिसला फोन लावला होता. फोन कानापासून दूर धरला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"मामा," तो खाली बघत म्हणाला, "गाडीची चावी द्या. ऑफिस दुसरा ड्रायव्हर पाठवतंय. तो आला की आम्ही निघायचं. तुम्ही… इथेच राहायचं. आणि हे गाव सहलीतून बंद."

३

"द्यायची नाही चावी!"

हे सापडेबाई बोलल्या. इतक्या मोठ्याने की वन्सं दचकून बाजूला झाल्या.

"अहो बाई, तुम्ही मध्ये पडू नका," डॉक्टर म्हणाले. "आधी यांची घरं तपासू द्या."

"तपासली की! अक्काचं घर झालं, मामांच्या सीटखालचं फडकं झालं, भट्टीतली राखसुद्धा उकरली. आमच्या पिशव्या कुणी बघितल्या?"

"आमच्या?" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "आम्ही पाहुणे आहोत!"

"मग काय पाहुण्यांना हात नसतात? यांची चूल उकरायची आणि आपली पर्स झाकून ठेवायची, हा कुठला न्याय? लाज वाटते मला. या गावात बसून यांचा चहा प्यायले याची लाज वाटते!"

एवढं बोलून त्यांनी आपली पिशवी बाकावर उलटी केली. चष्मे, सुया, अर्धी काकडी, आवळसुपारीची डबी, चार निरनिराळ्या कुलपांच्या किल्ल्या आणि कुणाचा तरी एक हातमोजा बाहेर पडला.

"हा माझा हातमोजा!" वन्सं ओरडल्या. "गेल्या थंडीपासून शोधतेय मी! वहिनी, तू काय खिडकी घरी आणलीस काय?"

"सापडला ना? मग उघडा तुमचीही."

वन्संनी उघडली. सनावळीने खिसे बाहेर काढले. डॉक्टर दातओठ खात राहिले, पण शेवटी त्यांनीही आपली कातडी बॅग उघडली. तिच्यात हत्यारांची एक छोटी पेटी निघाली. सहलीला कशाला, असं वन्संनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कुणाच्या दातात काही अडकलं तर?"

चित्रकार बाई मघापासून अक्काच्या पाठीवर हात फिरवत होत्या. "अक्का, रडू नका हो, सापडेल. मी तर ती खोली अजून पाहिलीच नाही, पण मलाही कसंतरी होतंय." त्यांनी आपली मोठी झोळी आनंदाने रिकामी केली. कागद, पेन्सिली, पाण्याची बाटली. शेवटी ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक गोळा. तो मात्र त्यांनी बाकावर न ठेवता मांडीवर घेतला.

"ओलं आहे. ठसे उमटतील."

"काय हे?" वन्संनी फडक्याचं टोक वर केलं. "अगं बाई, चिमणी कुठे गेली?"

"हात लागला आणि फुटली. मग घाईघाईत कासव केलं."

"कासव?" डॉक्टर नाक उडवत म्हणाले. "मला वाटलं बटाटा."

सगळे थोडेसे हसले. चित्रकार बाईही हसल्या. अक्काने डोळे पुसत हात पुढे केला. "द्या बाई, बाकीच्यांबरोबर भाजून पाठवते."

"नको, नको. मी कच्चंच नेते. मला असंच आवडतं."

पिशव्या बंद झाल्या. म्हातारी कुठेच नव्हती. "झालं समाधान?" डॉक्टर म्हणाले. मघापासून सापडेबाईंच्या कानात एक शब्द खुपत होता, भातात खडा यावा तसा. कुणीतरी, कधीतरी, काहीतरी चुकीचं बोललं होतं.

लांब रस्त्यावर धूळ उठली. दुसरा ड्रायव्हर येत होता.

४

सापडेबाई रिकाम्या कोनाड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मागे ड्रायव्हरमामा आले.

"बाई, तुम्ही आमच्यासाठी भांडलात, बरं वाटलं," ते म्हणाले. "पण जाऊ द्या. मी काय, दुसरीकडे गाडी चालवीन. अक्काचं वाईट वाटतं. रोज सकाळी तिला पुसते, तिच्याशी बोलते. पोरं परीक्षेला जाताना हिच्या गुडघ्याला हात लावून जातात."

"हात लावू नये असं लिहिलंय की."

"ते पाहुण्यांसाठी," मामा म्हणाले, आणि इतक्या वाईट वेळीही त्यांच्या मिशीत हसू आलं.

सापडेबाईंनी पुठ्ठा पुन्हा वाचला. 'आमची म्हातारी.' मग त्या हळूच वळल्या.

"मामा, हे नाव गावाबाहेर कुणाला ठाऊक आहे?"

"कुणाला नाही. कंपनीच्या जाहिरातीत 'आसनस्थ स्त्रीमूर्ती' म्हणतात. सनावळी तर मुद्दाम काहीच सांगत नाही, शेवटी चकित करायचं असतं त्याला."

"म्हणजे जो या खोलीत पाऊल टाकेल, तोच हा पुठ्ठा वाचेल."

"हो. का?"

सापडेबाईंच्या डोळ्यांत आता खिडकीवरची ती जुनी चमक आली, जिला बघून खोटे दावेदार रांगेतून हळूच सटकत. बाहेर गाडीचं दार आपटलं आणि एक परका आवाज म्हणाला, "कुठे आहे चावी?"

"थांबवा त्याला," सापडेबाई म्हणाल्या. "मला खडा सापडला."

५

अंगणात सगळे उभे होते. नवा ड्रायव्हर कंटाळून बाकावर बसला आणि अक्काने सवयीने त्यालाही चहा दिला.

"मी फार बोलणार नाही," सापडेबाई म्हणाल्या. वन्संनी आकाशाकडे पाहिलं. "आयुष्यभर मी लोकांचं एकच वाक्य ऐकलं. 'गेली हो, गेली!' पेटी गेली, छत्री गेली. पण घरी दारी कुणी 'म्हातारी गेली' म्हटलं, तर माणूस काय समजतो? वन्सं, तुम्ही काय समजलात?"

"वारली!"

"आणि विचारलंत काय?"

"कशानं, म्हणून."

"डॉक्टर, तुम्ही?"

डॉक्टर घुटमळले. "मी… नाडी बघायला धावलो."

"धावलात. बिस्कीट तोंडात ठेवून. तुमचं तोंड फार वाईट आहे डॉक्टर, त्याबद्दल नंतर बोलू, पण चोरी तुम्ही केली नाही. ज्याला म्हातारी दगडाची आहे हे ठाऊक, तो तिची नाडी बघायला पळत नाही. मामा आणि सनावळी, दोघांना ठाऊक होतं. एक खोलीकडे धावला, दुसरा खाली बसला. तेही बरोबर. राहिलं कोण?"

चित्रकार बाईंनी मांडीवरचं फडकं जरा घट्ट धरलं.

"तुम्ही विचारलंत, 'कुणी नेली हो?'"

"मग? वन्संनी उत्तरही दिलं," चित्रकार बाई शांतपणे म्हणाल्या. "देवानं, म्हणाल्या. मीही त्याच अर्थानं—"

"नाही. माणूस गेलं की 'कशानं' विचारतात. देवाने नेलं हे ठाऊकच असतं, म्हणून 'कुणी' कुणी विचारत नाही. 'कुणी नेली' हे माझ्या खिडकीवरचं वाक्य आहे बाई. ते सामानाबद्दल विचारतात. म्हातारी म्हणजे सामान, हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर खोली पाहिलीच नव्हती."

"मला गाइडनं सांगितलं असेल."

"मी?" सनावळी ताडकन उठला. "मी ते नाव मरेपर्यंत घेत नाही! माझा तोच तर एक विनोद आहे!"

"अक्कानं मग."

अक्काने नकाराची मान हलवली.

"शब्दावरून माणसाला चोर ठरवता?" चित्रकार बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "पिशवी बघितलीत ना माझी?"

"पिशवी बघितली. बटाटा नाही बघितला." सापडेबाई एक पाऊल पुढे आल्या. "ज्या बोटांनी सकाळी फुंकरेने उडेल अशी चिमणी केली, त्यांनी दुपारी असा धोंडा करावा? सगळ्यांनी आपापली कामं भाजायला दिली, अगदी वन्संनी तो झिंगलेला पेलासुद्धा. तुम्हीच नाही. कारण भाजायला दिलं, तर ते अक्काच्या हातात राहतं. अक्का, घे ते कासव. वजन बघ."

चित्रकार बाई उठल्या, पण वन्सं त्यांच्यासमोर आल्या होत्या. वन्संच्या बाजूने जायचं तर आधी वळसा घालायला लागतो, आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. अक्काने गोळा हातात घेतला. हातात घेताक्षणी तिचा चेहरा बदलला. तिने दोन्ही अंगठे मातीत घातले आणि माती अशी ओढली, जशी झोपलेल्या लेकराच्या अंगावरची चादर ओढतात.

आधी गुडघे दिसले. मग गुडघ्यांवरचे हात. मग ते फुटकं नाक.

चित्रकार बाई ओरडल्या. "मी तिचं काही वाईट करणार नव्हते! बघा तरी तिला कशी ठेवलीय! खडूनं लिहिलेला पुठ्ठा, धुळीतला कोनाडा, पोरं येताजाता हात लावतात! हिची रेषा, हिचे खांदे, कळतंय का तुमच्यापैकी कुणाला? माझ्याकडे ती नीट राहिली असती!"

"आणि मी?" ड्रायव्हरमामा म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. "मी कुठे राहिलो असतो, बाई? माझी चावी काढून घेत होते, तेव्हा तुम्ही माझ्या बहिणीच्या पाठीवरून हात फिरवत होतात."

चित्रकार बाईंनी रिकाम्या ओल्या फडक्याची घडी घातली.

"आमची म्हातारी आहे," अक्का मातीचे हात तसेच ठेवून म्हणाली. "आम्ही तिला कोनाड्यात ठेवू नाहीतर चुलीपाशी. ती इथली आहे."

डॉक्टर मघापासून बुटांकडे बघत होते. त्यांनी आपली पेटी उघडली, सर्वांत बारीक हत्यार काढलं आणि अक्कापुढे गुडघ्यावर बसले. "कानात माती गेलीय त्यांच्या," ते पुटपुटले. "मी काढतो. कुठे दुखणार नाही."

"थांबा," सापडेबाई म्हणाल्या. "आधी मामा."

डॉक्टरांनी मामांकडे पाहिलं. दाढ ओढून काढण्यापेक्षा ते अवघड होतं, पण निघालं. "माझं चुकलं, मामा. फार चुकलं."

सनावळीने ऑफिसला फोन लावला. पलीकडून कंपनीच्या साहेबांचा आवाज आला, "सापडली? छान! मग ती बाई गावच्या चौकीवर द्या आणि निघा लगेच."

"एक मिनिट." सापडेबाईंनी फोन हिसकावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. "तुमच्या ड्रायव्हरवर तुम्ही न विचारता चोरीचा आळ घेतलात. आता त्यांची माफी मागा, आणि हे गाव सहलीत राहील ते सगळ्यांसमोर सांगा. तोवर मी गाडीत पाय ठेवणार नाही."

"आम्हीही नाही," वन्सं म्हणाल्या.

"मीही नाही," डॉक्टर, तोंडात हत्यार धरून.

"गाडी मी नेतो की," नवा ड्रायव्हर म्हणाला.

"रिकामी न्या!" सगळे एकदम ओरडले.

फोनमध्ये बराच वेळ खरखर झाली. मग साहेबांनी माफी मागितली. पहिली जरा पुटपुटल्यासारखी होती, म्हणून सापडेबाईंनी ती परत मागून घेतली. दुसरी स्वच्छ आली.

चित्रकार बाईंना चौकीवर देऊन गाडी गावाबाहेर पडली तेव्हा मामा चाकावर होते आणि हॉर्न वाजवत होते. त्या हॉर्नने पुढच्या गावातल्या कोंबड्या अंडी घालायच्या थांबल्या, असं म्हणतात. मागे अक्का ओसरीवर उभी होती, किल्ली कमरेला, आणि खोलीला यावेळी कुलूप.

वन्संनी विचारलं, "वहिनी, उद्या मी गेले, तर तू काय विचारशील?"

"कशानं गेल्या, ते विचारीन."

"आणि कुणी नेली, ते?"

सापडेबाईंनी नणंदेकडे नखशिखांत पाहिलं, मांडीवरचा सापडलेला हातमोजा त्यांना नीट घालून दिला आणि म्हणाल्या, "तुम्हाला कोण उचलून नेणार, वन्सं?"